फॅक्सचा रकाना

आमच्या रुग्णालयात नोंदणीच्या खोलीतल्या बाईंना सगळे मागून ‘जैसे थे’ म्हणत. काहीही बदलायचं म्हटलं की बाईंचं उत्तर ठरलेलं: आहे ते बरं आहे. पेशंटला एकदा दिलेला नंबर तो पेशंट गेल्यावरही दुसऱ्याला द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकतीस वर्षं त्यांनी तो पाळला आणि तीन साहेबांनी डोकं आपटूनही मोडू दिला नाही.

मी कॉम्प्युटरचं काम बघायला आले तेव्हा मलाही त्या अडेलतट्टू वाटल्या. नंबरांवर आमचं जमलं. ते बदलू नयेत हे मलाही पटत होतं. वाजलं ते रकान्यांच्या नावांवरून. पेशंटच्या तक्त्यात ‘फॅक्स’ नावाचा रकाना होता, आणि त्यात फॅक्स नंबर औषधालाही नव्हता. त्यात लिहिलेलं असायचं, ‘पेनिसिलीन नको’, ‘सल्फा चालत नाही’. पूर्वी असलं काही लिहायला जागाच नव्हती. एक पेशंट चुकीच्या इंजेक्शनने वॉर्डातच गेली, त्या दिवशी बाईंनी हा ओस पडलेला रकाना वापरायला काढला.

“नाव तेवढं बदलते,” मी म्हटलं. “‘ॲलर्जी’ करते. आतलं अक्षरही हलणार नाही.”

“नको.”

“अहो बाई, नवीन माणूस बघेल तर हसेल.”

“हसू दे. हसून कुणी मरत नाही.” चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “त्या नावावर कोण कोण विसंबून आहे ते मलासुद्धा धड माहीत नाही. तुला कुठून असणार?”

मला राग आला. माझ्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये ‘फॅक्स’ शोधून बदललं आणि शनिवारी, बाई सुट्टीवर असताना, रकान्याचं नाव पालटून टाकलं. काही बंद पडलं नाही. कुणाची तक्रार आली नाही. त्या शांततेचा मला अभिमान वाटला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

सोमवारी बाई आल्या, पडद्यावर नवं नाव पाहिलं आणि तडक खाली औषधांच्या खिडकीकडे निघाल्या. मी मागोमाग. तिथला प्रोग्रॅम कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेला. असा प्रोग्रॅम आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तो ‘फॅक्स’मधलं वाचून औषधाच्या चिठ्ठीवर लाल ओळ छापायचा. डॉक्टर घाईत विसरले तरी औषधवाला ती ओळ पाहून थांबायचा. रकाना सापडला नाही तर तो प्रोग्रॅम कुरकुर करत नसे, ओळ गाळून पुढे जात असे.

बाईंनी पेनिसिलीन न चालणाऱ्या एका पेशंटचा नंबर सांगितला. चिठ्ठी निघाली. लाल ओळ नव्हती.

“शनिवारपासून एकालाही आली नाही,” औषधवाला म्हणाला. “मला वाटलं, बरंय, कुणाला काही नाही.”

मी जुनं नाव परत लावलं. शनिवारपासूनच्या चिठ्ठ्या तपासल्या, तर नको ते औषध गेलेले तिघे निघाले. बाईंनी फोनचा स्पीकर चालू करून एकेकाला फोन लावला. पहिल्याने पाकीट उघडलंच नव्हतं. दुसरी अजून बसमध्येच होती, तिला परत बोलावलं. तिसऱ्याचा फोन त्याच्या म्हाताऱ्या बायकोने उचलला.

“हे होय? झोपलेत. गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, घसा आवळतोय म्हणत होते. मघापासून मात्र अगदी शांत आहेत.”

“त्यांना उठवा,” बाई म्हणाल्या. “आत्ता. फोन ठेवू नका.”

मी दुसऱ्या फोनवरून त्या पत्त्यावर ॲम्ब्युलन्स धाडली. इकडे स्पीकरवर चपलांचा आवाज दूर गेला. “अहो,” हळूच. थोडं थांबून, “अहो, ऐकलंत का?” मग मोठ्याने, पुन्हा पुन्हा. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, त्या म्हातारीने नवऱ्याला नावाने हाक मारली.