सौंचा बिल्ला

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गृहस्थांइतका सावध माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा, आणि घडवला असलाच तर घडवताना त्याने स्वतः हेल्मेट घातलं असावं. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी त्याच बसने परत यायचे, आणि मधला सगळा वेळ चांगल्या धडधाकट माणसांना घाबरवण्यात घालवायचे. हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बुकित पंजांगच्या आमच्या बाराव्या मजल्यावरही ते कधी सुट्टीवर नसत. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतली माणसं मोजत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नशिबाने रिकामं टेबल मिळालं तरी आधी बाहेर पडायचे दोन रस्ते हेरत आणि मगच कॉफीचा कप खाली ठेवत. एकदा कुणाच्या तरी घरी गणपतीची आरती सुरू होणार, तोच त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि आग लागलीच तर जिन्याने उतरून खाली बॅडमिंटन कोर्टापाशी जमायचं, असं बजावलं. "आणि बाप्पांचं काय?" असं एका वहिनींनी गमतीने विचारलं. "त्यांना यजमानांनी उचलायचं," हे गंभीरपणे म्हणाले, "वजन किती आहे मूर्तीचं?"

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांच्या दाराशेजारी टांगलेला बोर्ड. कारखान्यात म्हणे अशी पद्धत असते की प्रत्येकाच्या नावाचा एक बिल्ला असतो. कामावर आलं की तो बोर्डावर 'आत' या शब्दाखाली अडकवायचा आणि घरी जाताना 'बाहेर' या शब्दाखाली. धोक्याची घंटा झाली की सगळे मैदानात जमतात, आणि बोर्डाकडे पाहून कोण आत राहिलं ते कळतं. गृहस्थांनी हीच पद्धत आपल्या तीन खोल्यांच्या घरात आणली होती. लाल रंगाचे तीन बिल्ले, वर पांढऱ्या ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिलेलं: 'मी', 'कन्या', आणि बायकोचं नाव घ्यायची सवय नसल्यामुळे तिसऱ्यावर नुसतंच 'सौ.'. कोथिंबिरीची जुडी आणायला खाली जायचं तरी बिल्ला हलवल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी हे बरीच वर्षं सहन केलं.

मग मुलीचं कॉलेज पुण्याला ठरलं, म्हणून दोघी तिकडे गेल्या. "हिची घडी बसली की वर्षभरात येतेच," असं सांगून त्या गेल्या होत्या. घडी बसली. तोवर सौंना त्यांची जुनी शाळा परत मिळाली, भूगोलाचे तास मिळाले, पुढे मुलीला नोकरी लागली, आणि येणं राहून गेलं. भांडण नाही, तंटा नाही, रोज फोनवर बोलणं. फक्त दोन बिल्ले चार वर्षं 'बाहेर'च्या खाली लटकत राहिले. दर शनिवारी गृहस्थ ते फडक्याने पुसत. मला जिभेवर ताबा नाही. एका शनिवारी मी म्हणालो, "काढून ठेवा की आता, उगाच धूळ खातायत." ते पुसायचे थांबले. "बाहेर गेलेल्या माणसाचा बिल्ला काढत नाहीत, शेजारी. नोकरी सोडली तरच काढतात."

मी हसलो होतो, हे कबूल करायला हवं. मला हसायला काय जात होतं? मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या संगणकांची उस्तवार करतो, म्हणजे रोज या बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि येतो. लग्न केलं नाही. आई होती तोवर रोज संध्याकाळी तिला फोन असायचा, 'पोचलो' एवढंच सांगायला. ती गेल्यापासून मी पोचतो, पण सांगत कोणाला नाही. त्यामुळे ज्या माणसाला तीन-तीन बिल्ले पुसायला आहेत त्याची थट्टा करण्यात मला थोडी असूयाही होती.

त्या दोघींना जाऊन चार वर्षं झाली त्या मे महिन्यात गृहस्थ एकदम खुशीत आले. सौ. आणि कन्या आठवडाभर येणार होत्या, आणि त्यांनी जावा बेटावरची एक सहल ठरवून टाकली होती. शुक्रवारी विमानाने जायचं, शनिवारी लहानशा गाडीतून, मोजक्या माणसांबरोबर आणि मार्गदर्शक घेऊन एका दिवसात ज्वालामुखी पाहून यायचा. "हिने वीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढलाय," ते मला म्हणाले, "आणि खरा एकदाही पाहिलेला नाही." लोक बायकोला परत आणायला पैठणी घेतात, यांनी ज्वालामुखी घेतला. मग आठ दिवस आधी फोन आला. मुलीला रजा नव्हती आणि तिला एकटीला टाकून सौ. निघणार नव्हत्या. त्या संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात गृहस्थ उभे. "शेजारी, तुम्हाला ज्वालामुखी पाहायचाय का?" असं त्यांनी विचारलं, आणि तो चेहरा पाहून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

सहलीच्या गाडीत आम्ही सहा प्रवासी होतो: आम्ही दोघं, सिंगापूरच्याच दोन साठीतल्या चिनी बहिणी आणि एक नवविवाहित जोडपं. शिवाय हसतमुख मार्गदर्शक मुलगी आणि ड्रायव्हर. गाडी सुटायच्या आत गृहस्थांनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्याला हूक लावलेले होते आणि त्यावर बिल्ले! अनोळखी मंडळींना आकडे, आणि मला... "तुमचा नवा करायला वेळ नव्हता. तात्पुरता हा घाला." अशा रीतीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी छातीवर 'सौ.' लावून ज्वालामुखीकडे निघालो. मग गृहस्थ उभे राहिले. गाडीतून उतरताना बिल्ला यांच्याकडे द्यायचा, परत आल्यावर घ्यायचा. वारा पाठीवर ठेवायचा. "कुजक्या अंड्यांचा वास येईल. वास आला तर घाबरू नका. वास यायचा बंद झाला तर घाबरा, म्हणजे विषारी वायूने नाक बधिर झालं." दीड वाजता सगळ्यांनी गाडीपाशी यायचं. मोजणीत एक जरी कमी आला तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग शोधायला जायचं. बहिणींपैकी मोठी कपाळाला हात लावून म्हणाली, "अंकल, वी कम फॉर हॉलिडे, नॉट फॅक्टरी, लाह!" मार्गदर्शक मुलगी मात्र वहीत काहीतरी टिपून घेत होती.

ज्वालामुखी म्हणजे लाल रस उकळतोय अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात वर एक भलामोठा करडा खड्डा होता, त्याच्या तळातून दोन-तीन ठिकाणी वाफा येत होत्या, आणि काठावर लोकरीच्या टोप्या आणि भाजलेली कणसं विकणाऱ्यांची रांग होती. गृहस्थांनी बोट ओलं करून वारा पाहिला, मग खड्ड्याचा एक फोटो काढून पुण्याला पाठवला. त्यानंतर त्यांनी ज्वालामुखी पाहिलाच नाही, फोन पाहिला. दर मिनिटाला खिशातून काढायचा, पाहायचा, ठेवायचा. "सुट्टीतल्या जादा तासावर असेल," ते मी न विचारताच म्हणाले. मला ते बघवेना. मी खोटंच सांगितलं की जरा पाय मोकळे करून येतो, आणि काठाकाठाने एकटाच निघालो. माझ्या फोनमध्येही खड्ड्याचे चार फोटो होते. ते पाठवायचे कोणाला, हा विचार करत मी भलताच लांब गेलो.

तेवढ्यात धुकं उतरलं. पाच मिनिटांत समोरची वाट गेली, मागची गेली, माझे बूट तेवढे दिसत राहिले. फोनला रेंज नव्हती. एका बंद टपरीच्या फळीवर मी बसलो. आता खरं सांगतो, मी घाबरलो नव्हतो. दीड वाजून गेला तरी मी हाका मारल्या नाहीत. मला वाटलं, मी इथेच बसून राहिलो तर सोमवारी बँकेत कोणीतरी माझ्या खुर्चीकडे बघेल, आणि मंगळवारी तिथे दुसरं कोणी बसेल. हा विचार इतक्या शांतपणे आला की त्या विचाराचीच मला भीती वाटली.

मग शिट्टी ऐकू आली. थांबून परत एक. "शेजारी! ओ शेजारी!" मी ओरडून ओ दिली, तशी धुक्यातून आधी केशरी जाकीट आलं आणि मागोमाग गृहस्थ आले. धापा टाकत होते, चष्म्यावर पाणी होतं आणि एका मुठीत बिल्ला घट्ट धरलेला होता. "पंधरा मिनिटं!" ते माझ्यावर खेकसले. "पंधरा मिनिटं मी तिथे उभा! हातात हा एकच राहिलेला. काही कळतं का तुम्हाला?" त्यांनी मूठ उघडली. 'सौ.' हे अक्षर तळहातावर उलटं उमटलं होतं. मी बिल्ला घेतला आणि शर्टाला लावला, आणि कितीतरी वेळ ते माझ्या छातीवरच्या त्या अक्षराकडे बघत राहिले.

गाडीपाशी धाकटी बहीण छत्री उघडून धुक्यात खुणेला उभी होती. ड्रायव्हर निघू या म्हणत होता, तेव्हा हे गाडीच्या पुढ्यात आडवे उभे राहिले होते, असं तिने सांगितलं. मोठीने माझ्या हातात गरम कणीस कोंबलं. "अय्यो, धिस अंकल सो वरीड, यू नो!" मग पुठ्ठ्यावर मोजणी झाली. सहा माणसं, सहा बिल्ले. उतरताना रस्त्यात पुण्याचं उत्तर आलं. गृहस्थांनी ते मला दाखवलं. 'छान आहे. विवर अपेक्षेपेक्षा उथळ वाटतं.' शहर येईपर्यंत गृहस्थ तीच दोन वाक्यं वाचत होते.

पंधरवड्याने त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला तीन वर्षं होती, वरचे साहेब थांबा म्हणत होते. मी विचारलं, असं अचानक? ते बिल्ले रुमालात बांधत होते. "अचानक कसलं, शेजारी? नियम पंधरा मिनिटांचा आहे. मी चार वर्षं नुसता बोर्डापाशी उभा राहिलो." पुण्याला जाताना तिघांचे बिल्ले त्यांनी विमानात हातातल्या पिशवीत ठेवले, सामानात टाकले नाहीत. बोर्ड मात्र, तिकडे नवा करतो म्हणत, माझ्या दारापाशी स्वतः भोक पाडून लावून दिला. त्यावर नवा, लाल, एकच बिल्ला: 'शेजारी'.

समोर आता एक अबोल तरुण जोडपं राहतं. मी रोज सकाळी बिल्ला 'बाहेर' करतो आणि संध्याकाळी 'आत'. पाहणारं कोणी नाही, तरी करतो. इथल्या रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या सातला, पुण्याहून एकच शब्द येतो, 'आत?', आणि मी कळवतो, 'आत.' कधी ट्रेन रखडली, उत्तराला उशीर झाला, तर पावणेदहाला फोन वाजतो.

गेल्या गुरुवारी धावतपळत घरी पोचलो, साडेनऊ झाले, काही आलं नाही. मी घड्याळ समोर ठेवून बसलो. बरोबर पावणेदहाला फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी कोण ते सांगायला लागलो तर त्या हसल्या. "अहो, ओळखलं. माझा बिल्ला लावून माझा ज्वालामुखी बघून आलात ना? हे खाली भाजीला गेलेत, फोन इथेच विसरून. येतीलच." मी म्हणालो, बरं, काळजी वाटली म्हणून केला. "थांबा हं," त्या म्हणाल्या, "बोर्डाकडे बघून सांगते." त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि मग दार वाजल्याचं मला इथे बाराव्या मजल्यावर ऐकू आलं. "आले बघा," त्या फोनवर परत येऊन म्हणाल्या, "तिघंही आत. आणि तुम्ही?"

माझा बिल्ला अजून 'बाहेर'च होता. मी उठलो आणि तो हलवला.