सिद्धोधनचा काळा चष्मा

राणीसावरगावहून गंगाखेडकडे निघालेली पाचची बस माघाच्या अखेरीस थेट मावळत्या सूर्याच्या तोंडी सापडते. तो समोरच्या काचेत ठाण मांडून बसतो. वरची झापड कितीही खाली ओढली तरी तिच्याखालून डोळ्यांत उतरतो. अर्घ्य देणारासुद्धा त्या तेजाकडे ओंजळीतून ओघळणाऱ्या जलधारेआडून पाहतो. बसचालक सिद्धोधनची जलधारा म्हणजे त्याचा काळा चष्मा.

तो साधा गॉगल नव्हता. त्याचा सव्वातीनचा नंबर त्या करड्या काचांतच घातलेला होता. पूर्वी तो नंबरच्या चष्म्यावर बाजारातला गॉगल चढवी. तो घसरे, दोन काचांमध्ये धूळ साचे, आणि मुक्कामी पोचेपर्यंत कपाळ ठणकू लागे. अखेर पत्नी अर्पिताने हट्टाने दुकानात नेऊन हा करवून घेतला. तेव्हापासून डांबरावरची चमक विझली, खड्ड्यांना कडा आल्या, डोकेदुखीने काढता पाय घेतला. थट्टा तेवढी उरली.

"दादा, पिच्चर कवा लागायलाय तुमचा?" कंडक्टर नीलम रोज विचारी.

"तू तिकिटाकडं बघ," तो म्हणे.

त्या दिवशी फाट्यावर एक वृद्ध गृहस्थ चढले. शुभ्र धोतर, हातात काठी. चालकाकडे न्याहाळून पाहत म्हणाले, "काय डायव्हरसाहेब, डोळे झाकून कुठं घेऊन चाललात आम्हाला?"

आवाज ऐकताच सिद्धोधनचा हात कानाकडे गेला. चष्मा उतरला, खिशात गेला. "गुरुजी, मी सिद्धोधन."

"अरे, तू होय! बरं झालं. बस आता आपलीच." बन्सीधर गुरुजी इंजिनशेजारच्या बाकावर बसले.

वडीलधाऱ्यांशी काळा चष्मा लावून बोलणे ही या मुलखात मग्रुरी समजली जाते. त्यातही हे गुरुजी. आजोबांच्या पिढीला गावातल्या ज्या बड्या लोकांपुढे सक्तीने वाकावे लागले, त्यांच्यापुढे सिद्धोधनची मान कधी लवली नव्हती. या एका माणसापुढे ती आपखुशीने लवे. पाचवीत असताना गुरुजींनी त्याला विचारले होते, "फळ्यावर काय दिसतंय?" तो म्हणाला होता, "पांढरं दिसतंय, गुरुजी." सारा वर्ग हसला होता. गुरुजी हसले नव्हते. पुढच्याच रविवारी त्यांनी त्याला गंगाखेडला नेले आणि पहिला चष्मा स्वहस्ते त्याच्या नाकावर ठेवला. आईच्या हनुवटीवरचे गोंदण दारातूनही दिसते, हे त्याला त्या संध्याकाळी कळले.

नीलमने दोनदा घंटी दिली. बस हलली.

साधा गॉगल काढला असता तर केवळ उजेड वाढला असता. हा काढला आणि दृष्टीच खिशात गेली. पांढऱ्या काचांचा चष्मा बाकामागच्या पिशवीत होता. बस थांबवून तो शोधावा, तर गुरुजींचे बोलणे तोडावे लागणार. 'पुढच्या थांब्यापर्यंतच,' त्याने मनाशी म्हटले. 'चौदा वर्षांचा रस्ता हाय, पाठ हाय.'

वळण ओलांडताच सूर्य अंगावर आला. रस्ता वितळलेल्या पितळेसारखा पसरला. त्यात कडा नाही, अंतर नाही. त्याने वेग कमी केला. पाठीमागे बेचाळीस माणसे होती. कुणी पेंगत होते, कुणी शेंगा फोडत होते. एक लेकरू रडत होते. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण हात खिशाकडे जाईना. गुरुजी नातवाच्या नोकरीविषयी सांगत होते. तो "हो, हो" म्हणत होता आणि पुढे एक काळपट डाग वाढत होता.

गुरुजी बोलता बोलता थांबले. चालकाची मान पुढे ताणली होती, डोळे बारीक झाले होते, ओठाचा डावा कोपरा वर ओढला गेला होता. पाचवीच्या वर्गातला, तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा त्यांना ओळखू आला.

"सिद्धोधन, समोर काय दिसतंय?"

"सावली हाय, गुरुजी. बाभळीची."

"इथं बाभळ कुठाय? तुझा चष्मा?"

"खिशात हाय. काळा हाय, पण... नंबरचाच हाय."

"मग घाल!" वर्ग चिडीचूप करणारा तो जुना स्वर होता.

एका हाताने चष्मा नाकावर आला आणि जगाला पुन्हा कडा आल्या. बाभळ नव्हतीच. ऊस लादलेली ट्रॉली निम्म्या रस्त्यावर चाक काढून उभी होती. तिच्याखालून एका माणसाचे दोन पाय डांबरावर आलेले होते. सिद्धोधनने सारे बळ ब्रेकवर टाकले. टायर किंचाळले, बोचकी घरंगळली. बस त्या पायांपासून दोन हातांवर थांबली.

ट्रॉलीखालून माऊली नावाचा ट्रॅक्टरवाला धडपडत बाहेर आला. "ओ, दिसंना का तुमाला?"

सिद्धोधन खाली उतरला. "न्हाई दिसलं. चूक माझी हाय," तो म्हणाला. मग रस्त्यावर फांद्या टाकून त्याने मागच्या गाड्यांना इशारा केला. नीलम दारात उभी होती. त्या दिवशी तिने सिनेमाचे नाव काढले नाही.

गंगाखेडला गुरुजी उतरले. सूर्य अजून टेकायचा होता. पाया पडताना सिद्धोधनचा हात पुन्हा कानाकडे गेला.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "अजून डेपोपर्यंत जायचंय तुला."

तो वाकला. चष्मा घसरू नये म्हणून तो एका हाताने धरला होता. गुरुजींच्या पायांना फक्त दुसरा हात लागला.