मेन ड्रॉच्या दारातले काका

ज्युनिअर टेनिसच्या स्पर्धांच्या पायऱ्या आणि रँकिंगचे नियम ज्याला सगळ्यांत जास्त पाठ आहेत आणि त्या पाठांतराचा ज्याला सगळ्यांत कमी उपयोग झाला, असा माणूस साऱ्या देशात शोधला तरी तो जालन्यातच सापडेल, आणि तो माझा घरमालकच निघेल. हे जरा जास्त झालं, मला कळतं. पण कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत काढली आणि माझं हे मत काही बदललं नाही. काकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हे त्यांचं काम. मूळचे ते टेंभुर्णीचे. आयुष्यात त्यांनी रॅकेट हातात धरली ती फक्त तिची तार तुटली म्हणून, आणि तीही दुकानातल्या तांब्याच्या तारेनं सांधता येते का हे बघायला. खेळायची ती त्यांची मुलगी पल्लवी. डावखुरी, सडपातळ, घरात फारसं न बोलणारी आणि बोललीच तर समोरच्याला गप्प करणारी. तिचं नाव सोळा वर्षांखालच्या नॅशनल्सच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे देशाच्या मुख्य तक्त्यात, एकदा छापून यावं एवढीच काकांची इच्छा होती. जिंकायचं वगैरे ते कधी बोलले नाहीत.

हे सगळं प्रकरण असतं कसं, ते मला काकांनीच सांगितलं. मी मंठ्याजवळच्या खेड्यातली, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, त्यामुळे कुठल्याही नियमाचं नाव काढलं की मला आधी भीती वाटते. काकांना तसली भीती माहीत नव्हती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात थांबवून सांगितलं, "टॅलेंट सिरीज म्हंजे ग्रामपंचायत. चॅम्पियनशिप सिरीज, पंचायत समिती. सुपर सिरीज, जिल्हा परिषद. नॅशनल सिरीज विधानसभा आन् नॅशनल्स म्हंजे डायरेक्ट लोकसभा. समजलं का बाई?" मी मान हलवली. मग भीत भीत विचारलं, "आणि वाइल्ड कार्ड म्हणजे?" काका म्हणाले, "राज्यपालनियुक्त." पहिल्या फेरीत समोर कुणीच नसेल, नुसती पुढे चाल मिळाली, तर ते बिनविरोध. आणि पात्रता फेरीत हरलेल्या मुलीला कुणाची तरी जागा रिकामी झाली म्हणून आत घेतात, ते काय? "पडलेला माणूस मंत्री होतो का न्हाई? मंग!" मला मान्य करावं लागतं, की यापेक्षा सोपं करून ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि ते फक्त मलाच सांगायचे असं नाही. मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला, दूधवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना. एकदा टेंभुर्णीला काकूंबरोबर कुणाच्या तरी दहाव्याला गेले होते, तर तिथं ओळीनं डोकी भादरून घ्यायला बसलेल्या माणसांना त्यांनी पॉइंट कसे झडतात ते समजावलं. "मागच्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं, ते या वर्षी या सोमवारी गेलं. सरपंचाला पाच वर्षं असतात. इथं एका वर्षात खुर्ची खाली." मयताचा मुलगाही ऐकत होता म्हणे. काकू परत आल्या त्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण मधे सोमवार होता आणि सोमवारी नवी यादी लागायची.

स्पर्धा निवडायची त्यांची रीत तर अशी, की हवामान खात्यानं ऐकली असती तर लाजलं असतं. जिथं कडक ऊन तिथं पल्लवीचं नाव. "पुण्याच्या पोरी उन्हाला येत न्हाईत," हा त्यांचा सिद्धांत. भर मे महिन्यात नांदेड, ऐन परीक्षेच्या तोंडावर लातूर, लग्नाची मोठी तिथ असेल त्या दिवशी तर हमखास कुठेतरी. एकदा खरंच उन्हामुळे समोरची मुलगी अर्ध्यावर खेळ सोडून गेली तेव्हा काका मैदानाबाहेर हात जोडून उभे होते. पल्लवी बाहेर आली ती लालबुंद, तोंडाला कोरड पडलेली. म्हणाली, "बाबा, ऊन मला बी लागतंय, बरं का." सरावाचं तर विचारूच नका. तिचं मैदान म्हणजे सिमेंटचं एक कोर्ट, त्याला सर्व्हिसच्या रेषेजवळ लांब भेग. त्या भेगेवर नेमका चेंडू टाकायला ती शिकली होती. तिथून तो असा काही उसळायचा, की जालन्यात तिला कुणी हरवू शकत नसे. बाहेरगावी मात्र भेगा नसायच्या.

सामना चालू असताना काका कोर्टाकडे पाठ करून उभे राहायचे. त्यांचं लक्ष सगळं तक्त्याच्या कागदाकडे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खेळ तिचा हाय. आपलं काम कागदाचं." मला ते तेव्हा पटलं होतं. पॉइंट हवे तर मोठ्या स्पर्धेत खेळायला पाहिजे आणि मोठ्या स्पर्धेत घ्यायला आधी पॉइंट पाहिजेत, अशी ती सगळी गोल गोल रचना. ज्यांच्या शहरात दर महिन्याला स्पर्धा असतात त्यांच्या मुलींना हे गोल असल्याचं कळतही नाही. आम्ही जालन्याच्या स्टेशनवर बॅगा घेऊन उभे असलो की मला ते फार कळायचं.

आता त्यांच्या कसबाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गावाकडच्या प्रत्येक निवडणुकीत काका मेव्हण्याचे डमी उमेदवार असायचे. खऱ्या उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर हाताशी दुसरा असावा म्हणून यांचाही अर्ज भरायचा आणि मग शेवटच्या दिवशी, तीन वाजायच्या आत, मागे घ्यायचा. आधी नाही. आधी मागे घेतला तर समोरचा सावध होतो. "अर्ज मागं घेण्यात आपला हात कोनी धरू शकत न्हाई," असं ते छाती काढून सांगायचे. त्यावर पल्लवी म्हणायची, "बाबा एकदा बी पडले न्हाईत, ताई. उभेच राह्यले न्हाईत ना."

ते तिचं सोळाखालच्या गटातलं शेवटचं वर्ष होतं. नॅशनल्सच्या मेन ड्रॉत जेवढ्या मुली थेट घेतात त्या यादीच्या अगदी कडेला ती लोंबकळत होती, आणि मागच्या वर्षी नांदेडला मिळालेले पॉइंट नॅशनल्सची यादी ठरायच्या आधीच्याच आठवड्यात झडणार होते. म्हणजे त्या आठवड्यात कुठेतरी खेळून नवे कमावणं भाग होतं. स्पर्धा दोन होत्या. परभणीला छोटी, टॅलेंट सिरीज, जी ती झोपेत जिंकली असती. नाशिकला मोठी, सुपर सिरीज, तिथे पात्रता फेरीतून वर यावं लागणार, पण चार सामने जिंकले तर पॉइंट भरपूर. काकांनी दोन्हीकडे नाव भरलं आणि नाशिकला नाव लागलंच नाही तर हाताशी एक जागा पक्की असावी म्हणून परभणीला पहिली पसंती टाकली. "परभणी आपला डमी," ते मला डोळा मारून म्हणाले.

नाशिकच्या पात्रता फेरीच्या यादीत तिचं नाव लागलं त्या संध्याकाळी घरात गोड झालं. मी जेवताना हळूच म्हणाले, "काका, परभणीचं नाव काढायची काही मुदत असेल ना?"

"असती की. शेवटच्या दिवशी, तीनपर्यंत."

"तसं लिहिलंय का तिथं?"

"लिव्हायला कशाला पायजे? अर्ज मागं घ्यायचा टाइम साऱ्या हिंदुस्थानात तोच हाय." मग काकूंकडे वळून म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पर इलेक्शन बघितलेलं न्हाई तिनं."

नाशिकला मी बरोबर गेले, रेफ्रीशी इंग्रजीत बोलायची वेळ आली तर कुणीतरी पाहिजे म्हणून. माझं इंग्रजी कसं आहे ते मलाच माहीत होतं, त्यामुळे रेल्वेत मी सगळा वेळ मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसले. पल्लवी खिडकीशी डोकं टेकून झोपली होती. काकांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि वरच्या खिशात घडी घालून ठेवलेला अर्ज होता, 'मी माझे परभणी येथील नाव राजीखुशीने मागे घेत आहे', खाली पल्लवीची सही.

रेफ्री बाई मराठीच निघाल्या. हजेरी लावायला पल्लवी पुढे झाली, बाईंनी लॅपटॉपवर नाव बघितलं आणि म्हणाल्या, "ही परभणीच्या मेन ड्रॉत आहे. इथून नाव आपोआप निघालंय."

काकांनी हसून खिशातला अर्ज काढला. "मागं घ्यायलाच तर आलोय मॅडम. आत्ताशी दीड वाजलाय."

"मुदत मंगळवारी संपली, काका. ऑनलाइन. तोवर एक ठिकाण सोडायचं असतं. नाही सोडलं तर पहिली पसंती धरतात."

"पर तीन वाजायचेत की अजून."

"तीनचं काही नाही हो इथं."

काकांनी अर्ज टेबलावर ठेवला, घडी हातानं सपाट केली आणि बाईंकडे सरकवला. बाईंनी तो वाचला. त्या वाईट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी स्वतःच्या फोनवरून परभणीला विचारलं. तिथली हजेरी संध्याकाळी बंद होणार होती आणि नाशिकहून तोवर पोचणं शक्य नव्हतं. मी जुळवून ठेवलेलं एकही इंग्रजी वाक्य कामाला आलं नाही. नियम सगळ्यांना सारखा होता, त्यात काही खोट नव्हती. फक्त बाकीच्या मुलींच्या घरी तो कुणाच्या तरी बोलण्यातून आपोआप पोचलेला असतो आणि आमच्याकडे पोचेपर्यंत मंगळवार होऊन गेलेला असतो, एवढंच मला त्या टेबलाशी उभं राहून वाटलं. अजूनही वाटतं.

काका एका कठड्यावर जाऊन बसले. पल्लवी रडली नाही. तिच्यासारखीच एक बाहेर राहिलेली मुलगी तिथे होती, तिला म्हणाली, "खेळती का? आलोच हावोत तर." कडेच्या रिकाम्या कोर्टावर दोघी दुपारभर खेळल्या. गुण नाही, रेफ्री नाही, कुठे लिहिलं जाणार नाही असा खेळ. काका आधी दुसरीकडे बघत होते. मग केव्हातरी त्यांनी मान वळवली आणि तशीच ठेवली. पल्लवीचा डाव्या हाताचा फटका रेषेला घासून जायचा तेव्हा त्यांचे ओठ हलायचे. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "चांगली खेळती गं ही." मी म्हणाले, "हो काका." मग त्यांनी विचारलं, "रोजच अशी खेळती?"

सोमवारी यादी लागली. नांदेडचे पॉइंट गेले आणि पल्लवी घसरली. परभणीची स्पर्धा हिंगोलीच्या एका मुलीनं जिंकली, जिला पल्लवीनं पूर्वी दर वेळी हरवलेलं होतं. त्या पॉइंटांवर ती वर सरकली, आणि नॅशनल्सची यादी आली तेव्हा मेन ड्रॉत शेवटचं नाव तिचं होतं. काकांनी ते वाचलं आणि पेढे आणले. "आपल्या पोरीनं हरवलेली पोरगी लोकसभेत गेली!" असं सांगत ते गल्लीत पेढे वाटत फिरले. लोकांनी ते हसत घेतले. मला हसावं की काय करावं कळेना.

त्या मुलीचा सामना होता त्या दिवशी काकांनी दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि ओट्यावर फोन धरून बसले. सामना दिसत नव्हता, नुसते आकडे बदलायचे. आकडे फार लवकर बदलले. काकांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "गेली. पहिल्याच फेरीत." तेवढं म्हणताना त्यांचा आवाज असा झाला, की काकू आतून बाहेर आल्या.

पल्लवी अकरावीचं पुस्तक घेऊन पायरीवर बसली होती. म्हणाली, "बाबा, ती हरली. मी न्हाई."

"हां. बराबर हाय. तू न्हाई."

"मी गेले असते तरी हरलेच असते. देशातली पहिल्या नंबरची पोरगी होती समोर."

"हरली असती," काका म्हणाले. "बिलकुल हरली असती." मग दुसऱ्याच कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "पर पहिल्या फेरीत हरलेल्यांचं नाव बी लिहितात तिथं."

पल्लवीनं पुस्तक मिटलं आणि सरकून त्यांच्या शेजारी बसली. समोरून एक माणूस सायकलवर जळालेली मोटार बांधून आला, बंद दुकानाकडं बघून थबकला. काकांनी त्याला हातानंच उद्या ये म्हणून सांगितलं.