उनात की उन्हात?

माझा पीएच.डी.चा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली जगात एकच व्यक्ती आहे, आणि तिचं शिक्षण सातवी नापास. यात मी माझे मार्गदर्शक धरलेले नाहीत, परीक्षक धरलेले नाहीत, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही धरलेलं नाही.

इंदूअक्का धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत पुस्तकबांधणी करायच्या. नवरा गेल्यावर दाभण-दोरा त्यांच्या हातात आला, तो वीस-बावीस वर्षं सुटला नाही. कॉलेजांच्या ग्रंथालयांतली फाटकी पुस्तकं आणि आमच्यासारख्यांचे कोरे करकरीत प्रबंध, दोन्ही त्यांच्याकडे यायचं. मैद्याची खळ पुठ्ठ्याला लावली की वाळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात अक्का हाती असेल ते वाचत. ‘‘वाळेपर्यंत काय करू? भिंतीकडे बघत बसू?’’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

फाटकीच पुस्तकं वाचायची म्हटल्यावर ज्ञानही तसंच. जगाच्या इतिहासाचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, उंदरांनी खाल्लेली. त्यामुळे ‘‘फ्रान्समधली क्रांती माझ्यापुरती अजून चालू आहे, दुसरं पुस्तक यायची वाट बघतेय,’’ असं त्या गंभीरपणे सांगत. पण आपण काय वाचलेलं नाही, हे त्यांना पानाच्या आकड्यासकट ठाऊक असे. प्रबंधांच्या बाबतीत तर त्या परीक्षकांच्याही वरच्या. एकदा माझ्यादेखत एका प्राध्यापकांना म्हणाल्या, ‘‘सर, हा धडा मी तिसऱ्यांदा शिवतेय. आधी नंदुरबारचा होता, मग शिरपूरचा, आता धुळ्याचा झाला. गावं बदलली, चुका मात्र सांभाळून आणल्यात.’’ सर चहा प्यायला म्हणून गेले ते दुसऱ्या दिवशी आले.

आता माझ्याविषयी. मी जळगावचा, मराठीत एम.ए., विद्यापीठात पहिला. हा पहिला नंबर मी प्रश्नसंचांवर मिळवला. कुठल्याही कादंबरीवर दहा गुणांची टीप मी ती कादंबरी न उघडता लिहीत असे, आणि ज्या मित्रांनी ती उघडली त्यांना माझ्यापेक्षा कमी गुण पडत. घरी वडिलांचा दंडक होता, अहिराणी तोंडात आणायची नाही. आणि मी प्रबंधाला विषय घेतला अहिराणी लोकगीतांचा! गीतं छापील संग्रहातली, सिद्धांत छापील पुस्तकांतले. मला खुर्चीतून उठावं लागलं नाही.

धुळ्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. कायम जागेची मुलाखत तोंडावर आली होती. त्याआधी प्रबंध जळगावला विद्यापीठात जमा झाला नाही, तर जागा गेलीच म्हणून समजायचं. मुदत शुक्रवारची. सोमवारी मी पाच प्रती अक्कांकडे टाकल्या. मंगळवारी जाऊन बघतो तर पाचही गठ्ठे जसेच्या तसे, वर दगड.

एरवी आमच्याशी ‘शुद्ध’ बोलणाऱ्या अक्का तापल्या की अहिराणीत शिरत. ‘‘हाई तू लिखं का रे भो?’’ त्यांनी विचारलं, आणि चौथा धडा काढून त्यातलं गाणं मोठ्याने वाचलं:

‘बठ्ठास्ना भाऊ उनात, मन्हा भाऊ नही उना.’

खाली माझं विवेचन होतं. बठ्ठा म्हणजे बैठा. बसून खाणाऱ्यांचेही भाऊ उन्हात राबतात, पण गाणारीच्या भावाच्या वाट्याला ऊन नाही. म्हणजे तो सावलीतला, सधन. ‘श्रमाच्या विषम वाटणीवर ग्रामीण स्त्रीने केलेले हे मार्मिक भाष्य होय,’ असं म्हणून मी पुढे अकरा पानं लिहिली होती. कच्च्या प्रतीच्या समासात मार्गदर्शकांनी शेरा मारला होता: ‘उत्तम!’

अक्का आधी हसल्या. इतक्या हसल्या की शेजारचा सायकलवाला डोकावून गेला. मग एकदम थांबल्या. ‘‘अरे, बठ्ठा म्हणजे सगळे. उनात म्हणजे आले. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणींचे भाऊ माहेरी न्यायला आले, हिचा आला नाही. ती बाई रडतेय, आणि तू तिला वाटणीचे हिशेब करायला बसवलंस!’’ त्यांना स्वतःला दोन अखाज्या कोणी न्यायला आलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं.

मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा शुक्रवार मोठा होता. मी म्हणालो, ‘‘अक्का, शिवून टाका. हे कोणी वाचत नाही.’’

‘‘मी वाचं ना!’’ अक्का म्हणाल्या. ‘‘मी हाई शिवत नही.’’ मग जरा शांत होऊन म्हणाल्या, ‘‘तुझ्या एम.ए.तला मधलाच फर्मा गहाळ आहे, भो. पानांचे नंबर बरोबर लागलेत, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.’’

मी चिडून गठ्ठे उचलले आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या बाइंडरकडे नेले. भला माणूस. ‘‘दोन तासांत देतो,’’ म्हणाला. आत काय आहे ते त्याने पाहिलंही नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच. तरी गठ्ठे त्याच्या टेबलावर ठेववेनात. भाऊ न आलेली ती बाई आता मला कळली होती, हा मोठाच घोटाळा झाला होता. मी परत फिरलो.

अक्कांनी नुसता पाट सरकवला. दोन दिवस मी तिथे बसून एकेक गाणं वाचून दाखवलं आणि त्या एकेक सिद्धांत खाली उतरवत गेल्या. बेचाळीस पानांचा धडा नऊ पानांचा झाला. उरलेली पानं त्यांनी जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना अस्तर म्हणून वापरली. माझ्या संशोधनाचा तेवढा तरी उपयोग झाला. मार्गदर्शकांनी ‘‘पानं कमी झाली का हो?’’ एवढंच विचारून पुन्हा सही केली. शुक्रवारी ओल्या खळीच्या वासासकट मी एसटीने जळगाव गाठलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘चौथा धडा एवढा तोकडा का?’’

‘‘बाकीचं मला येत नव्हतं, सर.’’

सगळे हसले. त्यांना तो विनय वाटला. पदवी मिळाली. जागा मात्र दुसऱ्याला मिळाली, त्याचा प्रबंध जाड होता.

पेढे घेऊन अक्कांकडे गेलो, तेव्हा त्या कायमच्या सुरतेला लेकीकडे निघाल्या होत्या. सामान बांधता बांधता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जागा गेल्याची हळहळ त्या करतील, निदान परीक्षेतल्या माझ्या उत्तराला शाबासकी देतील, असं मला वाटत होतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या,

‘‘परीक्षा संपनी ना? मंग आते शिक.’’