मायची जट आणि एक इंग्रजी शब्द

मायच्या डोक्यात जट झाली आणि घरातली एक मजुरी गेली. केस गुंतत गुंतत दोरखंडाएवढे जाड झाले, आणि गावानं ठरवलं, हिच्यावर देवीची कृपा आहे. मंगळवारी बाया येऊन तिच्या पाया पडत. पण त्याच बाया तिला कापूस वेचायला बोलवत नसत. देवीच्या बाईला कामाला कसं लावायचं? शेत आमचं नव्हतं, बाप एकटा राबायचा. मायला त्या ओझ्यानं कुशीवर झोपता येत नव्हतं. कापायचं म्हटलं, की आत्या म्हणे, घरातलं कोणी तरी जाईल.

मी मेहकरच्या कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं. एका धड्यात ‘मॅटेड हेअर’ आलं, म्हणून ग्रंथालयातला जाड शब्दकोश काढला. मॅट म्हणजे चटई. लॅटिनमधून आलेला शब्द, मुळात लव्हाळ्याची चटई. मॅटेड म्हणजे चटई अंथरलेलं, आणि मग चटईसारखं एकमेकांत घट्ट बसलेलं काहीही. गवत, लोकर, कुत्र्याचे केस, माणसाचे केस. सगळे अर्थ वाचले. देवी कुठंच नव्हती.

घरी जाऊन मायला सांगितलं. आत्या शेंगा फोडत तिथंच बसली होती.

“तिकडच्या बायायले बी जट होते?” मायनं विचारलं.

“होते. विंचरलं नाही की होते. मेंढरायले बी होते.”

“मंग मेंढराच्या अंगात कोन येते वं?” माय हसत म्हणाली.

“कॉलेजात हेच शिकवून राह्यले का तुले?” आत्या मला म्हणाली. “उद्या काही झालं तं?”

मायचं हसू थांबलं. “बाई, इतके दिवस काही चांगलं तरी झालं काय? मान तं माहीच दुखते.” मग माझ्याकडे वळली. “काप.”

घरची कात्री जटेत शिरेना. शेजारच्या धनगराची मेंढरं कातरायची कात्री आणली. आत्या उठून दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. मी कापत गेले.

त्याच आठवड्यात बापाला ताप आला. आत्यानं गावभर सांगितलं. गोळ्या घेऊन बाप बरा झाला, ते काही तिनं सांगितलं नाही.

वेचणी लागली तेव्हा मजूर बायांची म्होरकी आमच्या दारात आली.

“येतं का वं उद्या, कापूस वेचाले?”

“हाव,” माय म्हणाली.

माय पुन्हा कामाला लागली. मान दुखायची थांबली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.