गजभिये काकांचा खानदानी बाळ्या

गजभिये काकांनी आयुष्यात एकाचंच खानदान पाहिलं, आणि तो घोडा होता.

काल सकाळी काका गेले. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या घरीच, काकू चहा घेऊन येईपर्यंत.

फोनवर काकू रडत होत्या आणि मधेच हसतही होत्या. म्हणाल्या, "बाकीचे त्यांच्या नोकरीचं लिहितील. तू बाळ्याचं लिही."

तर बाळ्याचं.

नव्वदच्या दशकात मी इथे शिकायला आले. आम्हा बिनगाडीच्या स्टुडंट्सना काका रविवारी व्हॅनमध्ये कोंबून घरी न्यायचे. आधी बुद्धवंदना, मग काकूंचं सावजी चिकन, मग तबेला साफ करणं. तिन्ही कम्पलसरी.

हो, तबेला! काका मोटार कंपनीत इंजिनिअर, पण सगळा जीव घोड्यांत. गावाबाहेर जमीन घेऊन क्वार्टर हॉर्स पाळायचे. काउबॉय गुरं वळायला वापरतात ना, तो घोडा.

मराठी कार्यक्रमात कुणी सूचकपणे "गजभिये म्हणजे... मूळचे कुठले तुम्ही?" असं विचारलं की काका खुलायचे.

"मी नागपूरचा. माझी घोडी टेक्सासची. तिच्या पणजोबापासून सांगू?"

आणि सांगायचेच. समोरचा बिचारा गुलाबजामची वाटी धरून उभा.

बाळ्या त्याच घोडीचा. बाप मात्र फार बड्या घराण्यातला. त्या वंशाचे घोडे तेव्हा शोमध्ये बक्षिसं लुटत होते. बाळ्यालाही तसंच पैलवानी अंग. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक, अर्धं बापाचं, अर्धं आईचं. बाळ्या हे काकूंनी ठेवलेलं.

काकांचं स्वप्न एकच होतं. बाळ्यापासून ब्रीडिंग सुरू करायचं, नोकरी सोडायची आणि उरलेलं आयुष्य घोड्यांत काढायचं. आसपासच्या लोकांनी आपापल्या घोड्या बाळ्यासाठी बुकही केल्या होत्या.

आणि एका रविवारी दुपारी काकांची मुलगी मैत्रेयी ओरडत आली. "बाबा, ही इज शेकिंग!"

बाळ्या उभ्या जागी थरथरत होता. मागचे पाय लटपटले आणि एवढं मोठं धूड मटकन खाली बसलं. थोड्या वेळाने उठून गवत खायला लागला.

डॉक्टर म्हणाले, या घराण्यात स्नायूंचा एक आजार आहे, बापाकडून पोरांत उतरतो. आता त्याची ब्लड टेस्ट निघाली आहे.

टेस्ट पॉझिटिव्ह आली. बाळ्याच्या प्रत्येक शिंगराला तो आजार होण्याचा चान्स फिफ्टी-फिफ्टी.

शेजारचा बॉब स्वतः ब्रीडर. चांगला माणूस. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नोबडी आस्क्स फॉर द टेस्ट. दे आस्क फॉर द पेपर्स."

खरं होतं ते. कागद एकदम चोख होते.

काका कुंपणाला टेकून उभे राहिले. मी लिदीची ढकलगाडी घेऊन तिथेच थांबले.

"काय करणार, काका?"

"तेच पाहून राहिलो. पोरी, बापाचं नाव पाहून आपल्या लोकांची किंमत केली लोकांनी. अन् मी घोडीसाठी घोडा निवडताना काय केलं? बापच पाहिला ना!"

मग आत गेले आणि एकेका घोडीच्या मालकाला स्वतः फोन लावला. सगळ्यांना आजार नीट समजावून सांगितला, आणि शेवटी सगळ्यांना एकच वाक्य.

"सर, माय हॉर्स इज व्हेरी हँडसम. बट प्लीज डू नॉट मॅरी युवर डॉटर टू हिम."

काकू ताटं वाढता वाढता म्हणाल्या, "स्वतःच्या लग्नात कुणाला पत्रिका काढू दिली नाही, अन् घोड्याच्या सात पिढ्या तपासल्या. भोगा आता!"

काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे आम्हाला कळत होतं.

बाळ्याला खच्ची केलं. काका रिटायर होईपर्यंत नोकरी करत राहिले. पण बाळ्याला विकलं नाही. त्याचं खाणं पथ्याचं, पाठीवर कुणी बसायचं नाही. जयंतीला जमलेली सगळी पोरं त्याला खरारा करायला भांडायची, आणि तो नवरदेवासारखा उभा राहायचा.

पुढे माझं लग्न ठरलं, मीच ठरवलं. पुण्याहून आलेल्या आत्याने हॉलमध्ये काकांना गाठलं आणि हळूच विचारलं, "मुलाचं घराणं कसं आहे हो?"

काका म्हणाले, "घराण्याचं नका विचारू, बाई. आधी एक पाहिला होता घराण्याचा. लय देखणा. पण ऐन वेळी पायावर उभा राहीना. हा राहते. मी पाहिलं."

आत्याला आजही वाटतं, माझं आधी एक स्थळ मोडलं होतं.

काका, आज तिला खरं काय ते सांगून टाकते. आणि हेही सांगते की त्या दिवशी तुम्ही ते फोन केलेत, तेव्हाच मी माणूस कसा निवडायचा ते शिकले. फार आठवण येणार आहे तुमची.

भावपूर्ण आदरांजली, तुमच्या तबेल्यातल्या सगळ्या कम्पलसरी कामगारांकडून.

जयभीम, काका.