दादाने कापलेली वायर

आज दुकानात वायरचं नवं बंडल फोडलं आणि कोऱ्या प्लास्टिकचा वास आला. गिऱ्हाइकाशी किमतीवरून चाललेली हुज्जत मी तिथंच सोडली.

दुष्काळाचं साल होतं. परदेशातली रेडिओ केंद्रं पकडायला मी कडुलिंबापासून छपरापर्यंत अशीच वायर ताणली होती. त्या संध्याकाळी, कित्येक दिवस हुलकावणी देणारं एक दूरचं केंद्र स्वच्छ लागलं. नाव कळल्याशिवाय केंद्र पकडलं असं आम्ही रेडिओचे नादी धरत नसू. निवेदक ते नाव सांगणार तोच आवाज विरला.

बाहेर थोरला भाऊ पक्कड घेऊन उभा होता. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि मोटार आणखी खाली सोडायला वायर कमी पडत होती.

"कारखान्याची टोळी येईस्तोवर ऊस जगला पायजे," दादा म्हणाला. "तुझा रेडिओ उद्या बी बोलंल."

मी भडकलो. "मला इचारलं कावून न्हाई?"

तो वायर गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिकडं पाऊस हाय का रे?"

मी पाय आपटत तसाच घरात निघून गेलो.

ऊस शेवटी चारा छावणीला गेला. न विचारता वायर कापल्याचा राग माझ्या मनात आजही आहे. पण दादा आता नाही, आणि त्या केंद्रावर तेव्हा पावसाचीच बातमी चालू होती.